बदलापुरात ‘डेव्हलपर’ म्हणजे बिल्डरच

बदलापूरजवळच्या चामटोलीहून आमच्या एका वर्गणीदाराचे पत्र आले आहे. पत्राला त्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड जोडले आहे आणि बँकेने मागितलेल्या कागदपत्रांची यादीही. यादीतल्या चौथ्या ओळीत लिहिले आहे: ‘महारेरा नोंदणी क्रमांक’, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांना लागतो तो.

हे गृहस्थ गेली बारा वर्षे अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना साठ्याचे, बॅचचे आणि डिस्पॅचचे सॉफ्टवेअर लिहून देतात. एकट्याचा धंदा, राहत्या घरातली एक खोली हेच ऑफिस. भाड्याचे घर सोडून त्याच भागात स्वतःचा फ्लॅट घ्यायचा म्हणून कर्जाला गेले आणि अर्जाला आपले कार्ड टाचले. कार्डावर नावाखाली छापले होते ‘सोल्यूशन आर्किटेक्ट अँड डेव्हलपर’. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ते वाचून व्यवसायाच्या रकान्यात ‘बांधकाम’ निवडले. बिल्डर लोकांना घरकर्ज देताना बँका हात आखडता घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वर्गणीदारांची फाइल त्या ढिगात जाऊन पडली.

पुढे पडताळणीचा माणूस आला. त्याने खाली वॉचमनला विचारले, “इथे डेव्हलपरचं ऑफिस कुठे आहे?” वॉचमनने प्रामाणिकपणे सांगितले, “बिल्डरचं ऑफिस इथं नाही, तिकडं स्टेशनजवळ आहे.” पडताळणीवाला वर न येताच परत फिरला. शेरा पडला: पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही.

यात वॉचमन चुकला असे आम्हाला वाटत नाही. त्याला जे कळले ते त्याने सांगितले.

मग सुरू झाला कागदांचा खेळ. त्यांनी उद्यम प्रमाणपत्र दाखवले. त्यावर एनआयसी २००८ चा ६२०११ हा संकेतांक आहे, म्हणजे ठरावीक ग्राहकाच्या गरजेप्रमाणे संगणकाचा प्रोग्राम लिहिणे, बदलणे, तपासणे. जीएसटीची बिले दाखवली, त्यांवर सेवेचा संकेतांक ९९८३१४. तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे दाखवली, त्यांत व्यवसायाचा संकेतांक १४००१. तिन्ही सरकारी दफ्तरे एकच गोष्ट सांगत होती. शाखेचे म्हणणे पडले की कागद बरोबर असतील, पण कार्ड वेगळे बोलते आणि सिस्टिममध्ये एकदा निवडलेला व्यवसाय शाखेतून बदलता येत नाही. तेव्हा मालकाकडून पत्र आणा, तुम्ही नेमके काय काम करता याचे. मालक हेच. शेवटी या गृहस्थांनी स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीने, स्वतःविषयी लिहून दिले की सदर व्यक्ती आमच्याकडे प्रोग्रामर म्हणून काम करते व तिची वर्तणूक चांगली आहे. ते पत्र बँकेने स्वीकारले! तीन सरकारी नोंदींपेक्षा माणसाने स्वतःलाच दिलेले प्रशस्तिपत्र ज्या टेबलावर जड ठरते, त्या टेबलामागच्या अधिकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की तुमच्यासमोरचा अर्जदार खोटे बोलत नव्हता. तुमचा ड्रॉपडाउन अपुरा होता.

या एका ड्रॉपडाउनविषयी जरा सविस्तर बोलायला हवे, कारण पत्र एकाचे असले तरी हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. बँक, सोसायटी, शाळेचा प्रवेश, भाडेकराराची पोलिस पडताळणी, कुठलाही फॉर्म घ्या. नोकरी, व्यवसाय, शेती, गृहिणी, निवृत्त, इतर. स्वतंत्र काम करणारा प्रोग्रामर ‘व्यवसाय’ निवडतो, तर पुढचा प्रश्न दुकानाचा गाळा नंबर विचारतो. ‘नोकरी’ निवडली तर पगाराची स्लिप लागते. म्हणून शेवटी ‘इतर’. देशाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, २०१५ च्या आवृत्तीत, २५१२ खाली सॉफ्टवेअर डेव्हलपर आहेत, २५१३ खाली वेब आणि मल्टिमीडियावाले, २५१४ खाली ॲप्लिकेशन प्रोग्रामर. यादी तयार आहे, सरकारनेच छापलेली आहे. ती फॉर्ममध्ये आणायला किती श्रम लागतात हे आपल्याइतके कोणाला कळणार? एक टेबल, एक फॉरेन की. आणि हे फॉर्म लिहिणारे लोकही आपल्याच धंद्यातले असतात, ही गोष्ट आम्हाला जास्त लागते. क्लायंटने दिलेली सहा पर्यायांची यादी जशीच्या तशी टंकणारा प्रोग्रामर आपल्याच भावंडांना ‘इतर’मध्ये ढकलत असतो.

रकान्याची ही अडचण जुनी आहे. १९५७ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांचे लग्न झाले तेव्हा नोंदणीच्या कागदावर व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी ‘प्रोग्रामर’ लिहिले. नगरपालिकेने ते नाकारले, असा व्यवसायच नाही म्हणून. शेवटी त्या कागदावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ लागले. शॉर्टेस्ट पाथ ज्यांच्या नावाने आपण रोज चालवतो त्यांची ही गोष्ट, आणि ती त्यांनी स्वतःच १९७२ च्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितलेली आहे. त्यांच्या वेळी तो व्यवसाय खरोखरच नवा होता. आज ती सबब नाही.

इथवर बँकेचे झाले. आता आपल्या प्रोग्रामर सभासदांविषयी, आणि हे अधिक स्पष्ट बोलावे लागेल.

हे कार्ड चुकलेलेच होते. ‘आर्किटेक्ट’, ‘डेव्हलपर’, ‘इंजिनिअर’, ‘बिल्ड’, ‘प्लॅटफॉर्म’ हे आपल्या धंद्याचे सगळे मोठे शब्द बांधकामातून आणि लोखंडकामातून उसने आणलेले आहेत. ज्या शहरात बांधकाम थोडे चालते तिथे ते खपून जातात. पण कुळगाव ते चामटोली हा पट्टा डोळ्यांसमोर आणा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली ती बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या याच भागात, तेव्हा कुठे बाहेरच्यांना चामटोलीचे नाव कळले. आम्हाला मात्र हा भाग टॉवर क्रेनमुळे आणि फ्लॅटच्या होर्डिंगमुळे रोज दिसतो. इथे प्रत्येक नाक्यावर कुठल्या तरी ‘डेव्हलपर्स’चा फलक आहे. इथे आर्किटेक्ट म्हणजे नकाशा काढून नगरपालिकेत मंजुरीला पाठवणारा. इंजिनिअर म्हणजे पालिकेचा नाहीतर साइटवरचा. हे तिन्ही शब्द इथे आधीच कोणाचे तरी आहेत, आणि ते त्यांनी रास्तपणे मिळवलेले आहेत. त्यांच्या जागेवर आपण आपले टेबल मांडले, तर ग्राहक आपल्याला फ्लॅटचा भाव विचारणारच. दुसऱ्या एका वाचकाने कळवले आहे की ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’मधला ‘सॉफ्टवेअर’ बारीक अक्षरांत छापल्यामुळे त्यांना महिन्यातून दोन-तीन फोन गॅलरी बंद करण्याच्या परवानगीसाठी येतात.

‘आर्किटेक्ट’ या शब्दाबाबत कायद्याची बाजूही आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याच्या ३७ व्या कलमाने ही उपाधी वास्तुकला परिषदेकडे नोंदलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडाच्या प्रकरणात हेच सांगितले, की नोंदणी नसलेल्याला ते काम करायला मनाई नाही, पण ते नाव लावता येणार नाही. तो खटला इमारतींच्या आर्किटेक्टांचा होता, हे खरे. तरीही दुसऱ्या पेशाने कायद्याने जपलेले नाव आपण सहज उचलून लावावे, हे आम्हाला बरे वाटत नाही. तसेच ‘डायरेक्टर’चे. कंपनी नोंदलेली नसताना, डिन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक) नसताना, प्रोप्रायटरशिपच्या कार्डावर ‘डायरेक्टर’ छापणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी ती कार्डे आजच्या आज बाजूला काढावीत.

‘निन्जा’, ‘रॉकस्टार’, ‘गुरू’, ‘कोड जादूगार’ या नावांसाठी आम्ही जास्त जागा खर्च करणार नाही. ज्याला आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकलवाल्या मालकासमोर बसून पाच लाखांचे कोटेशन द्यायचे आहे, त्याने आपण जादूगार असल्याचे सांगू नये. मालकाला जादू नको असते. त्याला महिनाअखेरीला साठा जुळलेला हवा असतो.

नाव ठेवणे हे आपले रोजचे काम आहे. नव्या मुलाने व्हेरिएबलला ‘टेम्प२’ म्हटले तर आपण रिव्ह्यूमध्ये ते परत पाठवतो. फंक्शनचे नाव वाचून ते काय करते हे कळले पाहिजे, आत शिरून बघावे लागता कामा नये, असे त्याला बजावतो. हाच नियम स्वतःच्या कार्डाला लावायला आपल्याला जड का जाते?

मराठीला पदनामांची वाण कधीच नव्हती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. राज्यव्यवहारकोश त्याच काळच्या खटपटीतून तयार झाला. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नाव बदलताना कामही लिहून ठेवले होते. अमात्याने जमाखर्च पाहायचा, सचिवाने राजपत्रांतला मजकूर तपासून उणेअधिक दुरुस्त करायचे, असे कानूजाबत्यात प्रत्येकाचे काम नेमलेले आहे. नुसती भारदस्त उपाधी कोणालाच दिली नव्हती. दुसरी गोष्ट अशी की लोकांच्या तोंडी रुळलेली नावे तरीही गेली नाहीत. मुजुमदार, सबनीस, चिटणीस, फडणीस आजही दारांवरच्या पाट्यांवर आहेत. कल्पक नाव सुचणे सोपे असते. ते शेजाऱ्याच्या तोंडी बसणे अवघड.

मग कार्डावर लिहायचे काय? आमचे मत ठाम आहे: ‘प्रोग्रामर’. हा शब्द बिल्डरचा नाही, कायद्याने कोणासाठी राखलेला नाही, आणि राष्ट्रीय वर्गीकरणाच्या यादीत आहे. ‘आज्ञावलीकार’ हा शब्द आम्हाला मनापासून आवडतो, नाटककार-मूर्तिकारांच्या पंगतीत तो शोभतो, आणि कार्डाच्या मराठी बाजूला ज्यांना तो छापायचा असेल त्यांनी जरूर छापावा. पण तो एकटा ठेवू नये, कारण आज तरी समोरच्याला तो समजावून सांगावा लागतो. एक अडचण ‘प्रोग्रामर’चीही आहे. आपल्याकडे प्रोग्राम म्हटला की हळदीचा, ऑर्केस्ट्राचा, हेही लोकांच्या मनात येते. म्हणून त्याच्याखाली दुसरी ओळ हवी, आणि सारी कल्पकता त्या ओळीत ओतावी. शिंप्याच्या दुकानावर ‘कपडे शिवून मिळतील’ अशी पाटी असते. दुकान कशाचे, काम कसले, आत जाऊन काय मागायचे, सगळे तीन शब्दांत येते. तशी ओळ लिहा. ‘कारखान्याच्या साठ्याचे व डिस्पॅचचे सॉफ्टवेअर लिहून मिळेल.’ ‘जुन्या टॅलीतला डेटा नव्या प्रणालीत आणून मिळेल.’ ‘दवाखान्याच्या केसपेपरांची नोंद संगणकावर बसवून मिळेल.’ आमच्या वर्गणीदारांनी ही दुसरी ओळ छापली असती तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ‘बांधकाम’ निवडायचे कारणच उरले नसते. आणि उल्हासनगरच्या एखाद्या व्यापाऱ्याने ते कार्ड खिशात ठेवले असते तर सहा महिन्यांनी बाहेर काढल्यावरही त्याला आठवले असते की हा माणूस कशासाठी.

काही जण म्हणतील, आम्ही एकच काम करत नाही, सगळेच करतो, म्हणून ‘फुल स्टॅक’ लिहितो. आम्हाला हे मान्य नाही. ‘फुल स्टॅक’ हे आपण एकमेकांना सांगण्याचे वर्णन आहे, ग्राहकाला त्यातून काहीही मिळत नाही. गेल्या दोन वर्षांतली बिले काढा, सर्वांत जास्त पैसे कोणत्या कामाचे आले ते पाहा आणि तेच छापा. दोन प्रकारची कामे असतील तर दोन कार्डे छापा. पाचशे कार्डांना लागतो तेवढा खर्च एका फुकट गेलेल्या मीटिंगच्या प्रवासात जातो.

आता विनंती, आणि ती या महिन्यातच अमलात आणण्याची आहे. नवे कार्ड छापखान्यात टाकण्यापूर्वी त्याचा प्रिंट घेऊन खालच्या किराणावाल्याकडे जा, इमारतीच्या वॉचमनकडे जा, आणि विचारा, “हा माणूस काय काम करतो?” दोघांनी बरोबर सांगितले तरच छापा. कार्डावर जो शब्द, तोच बँकेच्या अर्जावर, तोच मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर, तोच सोसायटीच्या रजिस्टरमध्ये. जिथे ‘इतर’ निवडावे लागेल तिथे शेजारी हाताने ‘संगणक प्रोग्रामर, २५१४’ लिहा. बँकेने व्यवसायाची चुकीची नोंद केली असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा निर्णय आहे, त्यात लोकपाल पडत नाही. पण चुकीची नोंद तशीच ठेवणे ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तक्रार तेवढ्यापुरतीच करा.

बँकांची, सोसायट्यांची, शाळांची कामे करणाऱ्या सभासदांना वेगळे सांगणे: तुमच्या पुढच्या फॉर्ममधली व्यवसायांची यादी क्लायंटकडून आली तशी घेऊ नका. २०१५ चे वर्गीकरण उघडा, क्लायंटसमोर ठेवा, आग्रह धरा.

ज्यांना आपल्या कामाशी न जुळणारा फॉर्म भेटेल त्यांनी त्या रकान्याचा फोटो आमच्याकडे वीस तारखेपर्यंत पाठवावा. खातेक्रमांक आणि सही झाकून. चामटोलीच्या वर्गणीदारांना आम्ही नव्या कार्डाचा मजकूर कळवला आहे. त्यांच्या बँकेने अजूनही महारेरा क्रमांकाची ओळ यादीतून काढलेली नाही.