दगडाखालची साक्ष

शेलूबाजार परिसरातल्या ओढ्यात उतरा आणि पाण्यातला एखादा दगड अलगद उलटा. त्याला चिकटलेल्या, बहुधा तीन शेपट्यांच्या, मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या पोटाजवळचे कल्ले फडफडवताना दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू आहे असं समजा. नुसत्या लालभडक अळ्याच वळवळत असतील, तर काळजी करा. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे त्या घुसमटलेल्या पाण्यातही तग धरतात.

असे दगड गावोगाव कोण उलटणार? अमेरिकेत संशोधकांनी हजारावर ठिकाणच्या अशा जलजीवांच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. सोबत पाणलोटातली शेती, रस्ते, वस्ती, पाऊस यांची माहिती दिली आणि न पाहिलेल्या ओढ्यांच्या प्रकृतीचा अंदाज २०१७ मध्ये देशाच्या नकाशावर मांडला. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पण ते आयतं उचलून चालणार नाही. आपले कितीतरी ओढे पावसाळ्यानंतर आटतात. बारमाही पाण्यावर शिकलेलं यंत्र त्यांना सरसकट आजारी ठरवेल. सोयाबीनवरची फवारणी, पहिल्या पुराचा गाळ, उन्हाळ्यात उरलेला एखादा डोह, हे त्याला इथल्याच नोंदींतून शिकवावं लागेल. त्या नोंदींसाठी शाळांनी येत्या पावसाळ्यात चाळणी आणि वही घेऊन ओढ्यावर जावं, ही आमची आग्रहाची विनंती.