ज्ञान गावाचे, मालकी कोणाची?

डोंगरदऱ्यांतील आणि रानातील माणसे आपल्या भोवतीच्या वनस्पतींचा किती कुशलतेने उपयोग करतात, याचे कौतुक करण्याची अलीकडे प्रथाच पडली आहे. हे कौतुक खोटे नाही. परंतु वनस्पतीचा उपयोग ठाऊक असणे आणि ती वापरण्याचा अधिकार असणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्यांच्याजवळ ज्ञान होते त्यांच्याच हातून अधिकार काढून घेण्यात आला, असा जगभरचा अनुभव आहे.

अँडीज पर्वतातील सिंकोना वृक्षाचे उदाहरण बोलके आहे. बोलिव्हियातील मामानी या आदिवासीने पारखून गोळा केलेले बियाणे १८६५ साली चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने युरोपात पाठविले व ते डचांनी विकत घेतले. त्यातूनच जावातील मळे उभे राहिले आणि क्विनाइनच्या जागतिक बाजारपेठेवर डचांची मक्तेदारी बसली. मामानीच्या वाट्याला मात्र तुरुंग, मारहाण आणि मृत्यू आला. आपल्याकडे गढवालमध्ये १९७३ साली शेतीची अवजारे करण्यासाठी स्थानिक संस्थेने मागितलेली अंगूची झाडे वनखात्याने नाकारली आणि तीच खेळाचे साहित्य बनविणाऱ्या कंपनीला दिली. चिपको आंदोलनाचा उगम या अन्यायात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीची कहाणी याहून निराळी नाही. येथील गोंड-माडिया माणूस उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचून वाळवतो, मोहाच्या बियांचे तेल काढतो, पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी करतो. चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा, डिंक हा त्याच्या संसाराचा आधार. बुरुडाची तर उपजीविकाच बांबूवर. पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरविले आणि गावाने तो तोडणे हा गुन्हा झाला. बल्लारपूरच्या कागद गिरणीला त्याच जंगलातील बांबू मिळत राहिला. वर्धा नदीच्या खोऱ्यात माजरीचा कोळसा ज्या न्यायाने बाहेर गेला, त्याच न्यायाने रानातील बांबूही गेला. मागे राहिली ती मजुरी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूपत्ता हे गौण वनोपज असल्याचे आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. तथापि कायदा झाला म्हणून नोकरशाहीची पकड सुटत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. हक्क गावाचा आणि परवाना खात्याचा, ही विसंगती तोडण्यासाठी गावाला दोन वर्षे झगडावे लागले.

हक्क हाती आला की आदिवासी जंगल ओरबाडतील, असे भाकीत शहाणे लोक करीत असतात. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने त्याला उत्तर दिले आहे. सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबू स्वतः तोडून विकला; परंतु तेंदूपत्त्याची तोड बंद ठेवली. पानांसाठी झाडे छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात आणि माणसापाखरांच्या तोंडचे तेंदूफळ जाते, हा त्यामागील विचार. रोख उत्पन्न सोडून देणारा हा निर्णय कोणत्या ठेकेदाराने घेतला असता?

तरीही लढाई संपलेली नाही. गोदाम, भांडवल आणि बाजार अजून व्यापाऱ्याच्या हाती आहेत. मोहफूल हंगामात स्वस्तात विकायचे आणि गरजेच्या वेळी महाग घ्यायचे, हे चक्र केवळ हक्काच्या कागदाने थांबत नाही. ग्रामसभांच्या संघांना सुलभ कर्ज, गावागावांत साठवणुकीची सोय आणि जिल्ह्यातच प्रक्रिया उद्योग हवेत. त्यांची मालकीही ग्रामसभांचीच असली पाहिजे. एरवी आदिवासींच्या ज्ञानाचा गौरव म्हणजे त्यांच्या दारिद्र्यावर पांघरलेली शाल ठरेल.