नाव वगळण्याआधी विचारा

७ डिसेंबर २०१८ रोजी तेलंगण विधानसभेसाठी मतदान झाले. हैदराबादमध्ये ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेलेल्या अनेकांना यादीत आपले नाव सापडले नाही. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा यांचेही नाव नव्हते. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले म्हणून देशभर चर्चा झाली. राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी रजत कुमार यांनी मतदारांची माफी मागितली. मत मात्र गेले ते गेलेच.

त्याआधी तीन वर्षे, मार्च २०१५ मध्ये, निवडणूक आयोगाने यादी शुद्धीकरणाची मोहीम काढली आणि मतदारांची नावे आधारशी जोडायला घेतली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आधारचा वापर मोजक्या योजनांपुरता मर्यादित केल्यावर ती थांबली. या मोहिमेत तेलंगणातली नावे कोणत्या सॉफ्टवेअरने आणि कोणत्या निकषावर वगळली, या प्रश्नावर अभ्यासक श्रीनिवास कोडाली यांनी २०१८ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयात धाव घेतली.

ही वगळणी कोणा एका धर्मावर किंवा जातीवर नेम धरून झाली, असे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. तसा आरोप पुराव्याशिवाय करूही नये. पण हेतू सिद्ध झाला नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणाला मतदारयादीबाहेर ठेवता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम ३२५ सांगते. भेदभाव उघडपणे होतो तेव्हा हे कलम पुरेसे असते. तो कामकाजाच्या पद्धतीत शिरतो तेव्हा तो पकडायचा कसा?

हैदराबादच्या जुन्या शहरातल्या एखाद्या गल्लीत याची कल्पना येते. घर क्रमांकात आकडे, आडव्या रेघा, तिरक्या रेघा. घराच्या वाटण्या झाल्या की पुढे आणखी एखादे अक्षर. भाडेकरू गल्लीतल्या गल्लीत घर बदलतात. इंग्रजीत ‘मोहम्मद’ कोणी पूर्ण लिहितो, कोणी दोन अक्षरांत उरकतो. तेलुगू घरांत आडनाव आधी येते, काचीगुड्यातल्या मराठी घरांत शेवटी. दोन याद्या यंत्राने जुळवल्या की अशीच नावे अडकतात. मग ‘दुबार’ किंवा ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. त्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. गरीब, भाडेकरू आणि अल्पसंख्याक वस्त्यांना तो अधिक बसण्याची भीती असते.

पद्धतीच्या आडून होणारा असा भेदभाव अमेरिकेत राजरोस चालला. लुइझियानात नोंदणी अधिकारी अर्जदाराला घटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगायला लावी आणि उत्तर पटले की नाही हे स्वतःच ठरवी. कागदावर हा नियम सर्वांना सारखा होता, प्रत्यक्षात कृष्णवर्णीय गळत. १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी रद्द केली. अधिकाऱ्याच्या मर्जीला कसलीच मोजपट्टी नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

आपल्याकडचा तितकाच मोलाचा निकाल १९९५ चा, लाल बाबू हुसेन प्रकरणातला. त्याचा एक धागा मुंबईच्या झोपडपट्ट्यांशी जोडलेला आहे. तिथे आणि दिल्लीत मतदारांना परकीय ठरवून नागरिकत्वाचा पुरावा मागितला गेला. मुंबईत जन्मदाखला, पासपोर्ट अशी मोजकीच कागदपत्रे चालणार होती. झोपडीत राहणाऱ्याकडे पासपोर्ट कुठून यायचा? सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. आधीच्या यादीत नाव असेल तर त्याला वजन द्या, संशयाचे कारण मतदाराला सांगा, तो देईल तो पुरावा तपासा, असे बजावले.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २२ तर स्पष्टच आहे: मतदार दुसरीकडे राहायला गेला किंवा अपात्र ठरला म्हणून नाव काढण्याआधी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. २०२५ मध्ये बिहारच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली, तेव्हा ती कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. हे काम आयोगाने आपणहून करायला हवे होते. वगळलेल्या नावांची कारणांसह यादी प्रत्येक केंद्रावर लागावी आणि सॉफ्टवेअरचे निकष जाहीर व्हावेत. यंत्राच्या शेऱ्यावर, घरी माणूस न पाठवता, एकही नाव काढले जाऊ नये.

तोवर प्रत्येकाने यादी वेळेत तपासावी. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर, त्या निवडणुकीपुरते, यादीत नवे नाव घालता येत नाही.