ओझें ओढणारी मोटार

मोटार घेतांना आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : किंमत किती, आणि एका लिटरांत किती किलोमीटर जाते? परंतु जिच्या पाठीशीं दुसरी जड गाडी जोडावयाची आहे, अशा मोटारीची परीक्षा या दोन प्रश्नांनीं पुरी होत नाहीं. गेल्या महिन्यांत हा विषय आमच्याच घरांत निघाला. ज्या घरांतील मुलें परदेशीं आहेत अशा घरांत तो केव्हां ना केव्हां निघेलच, म्हणून या वेळचें सदर त्यालाच वाहिलें आहे.

आमचा पुतण्या ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें नोकरीस आहे. येत्या डिसेंबरांत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यांत, दादा व वहिनी त्याच्याकडे जावयाचीं आहेत. कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचें लहानसें घर, मोटारीमागें जोडून घरच्या सहाही माणसांनीं महिनाभर हिंडावें, असा त्याचा बेत. सामानासह त्या घराचें वजन २,३०० किलो. त्यानें लिहिलें, "काका, तेल कमी पिणारी, चारी चाकांना जोर देणारी आणि हें ओझें सहज ओढणारी गाडी कोणती घ्यावी, तें आपण सांगावें." दादांनीं पत्र वाचलें आणि एवढेंच म्हटलें, "ओढील कोणतीहि. घाटांत थांबेल कीं नाहीं, तें पाहा." पुतण्याच्या प्रश्नापेक्षां दादांचा प्रश्न अधिक मार्मिक होता, हें पुढें दिसून येईल.

प्रथम इंजिनाचा विचार करूं. ओझें ओढण्यास वेगापेक्षां टॉर्क, म्हणजे दांड्याला पीळ देण्याचें बळ, अधिक उपयोगी पडतें; आणि तें इंजिन सावकाश फिरत असतांनाच मिळावें लागतें. डिझेल इंजिनांत हा गुण असतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां सुमारें दहा-बारा टक्के उष्णता अधिक असते, आणि दाब जास्त असल्यामुळें तिचा उपयोगहि अधिक चांगला होतो. वीजेवर चालणाऱ्या मोटारींना पिळाची वाण नाहीं. परंतु मागें उंच ओझें जोडलें कीं त्यांची एका भरणींतली मजल जवळजवळ निम्म्यावर येते. लांबच्या प्रवासाला ती अडचण लहान नव्हे.

चार चाकांच्या जोराविषयीं मोठा गैरसमज आहे. ओल्या गवतांतून, वाळूंतून किंवा चिखलांतून ओझें हलवावयाचें असेल, तर ही सोय अमोल ठरते. तिच्याबरोबर मिळणारे खालचे गिअर चढावर सावकाश निघण्यास उपयोगी पडतात. परंतु ही सोय ढकलण्यासाठीं आहे, थांबविण्यासाठीं नव्हे. कोरड्या डांबरी उतारावर तिनें ब्रेकची शक्ति वाढत नाहीं. उलट जास्तीच्या यंत्रांचें वजन नेहमींच वाहावें लागतें, व तेवढें तेल अधिक जळतें.

आतां वजनांचा हिशेब. जाहिरातींत ३,५०० किलो ओढण्याची शक्ति मोठ्या अक्षरांत छापलेली असते. तिच्या मागें आणखी तीन मर्यादा लपलेल्या असतात : मोटारीनें स्वतःवर घ्यावयाचें वजन, मोटार व ओझें मिळून होणारें वजन, आणि जोडणीच्या गोळ्यावर पडणारा भार. पुतण्याच्या गाडीचें उदाहरण घेऊं. समजा, मोटारीची भरून होणाऱ्या वजनाची मर्यादा २,८०० किलो, आणि भरल्या टाकीसह तिचें स्वतःचें वजन २,१८० किलो. बाकी राहिले ६२०. कॅराव्हॅनच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे २३० किलो, जोडणीच्या गोळ्यावर पडतो व मोटारीलाच वाहावा लागतो. राहिले ३९०. चार मोठीं माणसें २८० किलो आणि दोन मुलें ६० किलो धरलीं, तर उरले अवघे ५० किलो! कांगारूंच्या भीतीनें मोटारीपुढें लोखंडी कठडा बसविला, कीं तेहि संपले. सारांश, जी गाडी साडेतीन हजार किलो ओढूं शकते, तिला दादांची एक ट्रंक जड होते.

गोळ्यावरचा भार कमी करून ही अडचण सोडवावी, असें पुतण्याला सुचलें. हा उपाय फार घातक आहे. कोंकणांत आमच्या लहानपणीं भाताची बैलगाडी मागच्या अंगाला जास्त भरली कीं उलाळ होत असे. जूं बैलांच्या मानेवरून उचललें जाई, आणि गाडीवान ओरडून पोतीं पुढें घ्यावयास लावी. ट्रेलरचाहि न्याय तोच. मागें जड झालेला ट्रेलर वेगांत शेपटासारखा हलूं लागतो, आणि शेवटीं मोटारीलाच फिरवितो. म्हणून जड सामान आंसाच्या वर व तळाशीं ठेवावें. दोन हजार किलोंवरील ट्रेलरला सर्व चाकांना ब्रेक, आणि जोडणी तुटल्यास ते आपोआप लागण्याची व्यवस्था, हीं तिकडच्या नियमांनीं आवश्यक केलीं आहेत. आणि उतारावर केवळ ब्रेकवर विसंबूं नये. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहींत. दादांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच.

पुतण्यानें तीन सात-आसनी डिझेल गाड्या कळविल्या होत्या. इसुझू एमयू-एक्सचें २०२१ सालचें रूप तीन लिटर इंजिनाचें, ४५० न्यूटन-मीटर पिळाचें व ३,५०० किलो ओढणारें आहे. टोयोटा फॉर्च्युनर, जी आपल्याकडेहि दिसते, तिकडच्या २.८ लिटर इंजिनावर ३,१०० किलो ओढते. तिसरी लँड क्रूझर ३००. तिचा पीळ ७०० न्यूटन-मीटर, परंतु किंमत या दोहोंहून पुष्कळच अधिक. अधिकृत चांचणींत शंभर किलोमीटरांस त्यांना अनुक्रमें ८.३, ७.६ व ८.९ लिटर तेल लागलें. पहिल्या दोहोंतला फरक पांच हजार किलोमीटरांच्या प्रवासांत अवघा पस्तीस लिटरांचा! मागें ओझें जोडलें म्हणजे मात्र कोणत्याहि गाडीचा खर्च दीडपट ते दुप्पट होतो, कारण उंच कॅराव्हॅनला वारा अडवितो. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं शंभराऐवजीं नव्वद किलोमीटरांनीं गेल्यास तो सुमारें एकोणीस टक्क्यांनीं घटतो. तेव्हां तेलाची खरी काटकसर दुकानांत होत नसून चालकाच्या उजव्या पायाखालीं होते.

मीं पुतण्याला लिहिलें : पहिल्या दोहोंपैकीं कोणतीहि चालेल, वहिनींच्या गुडघ्यांना जिची पायरी सोसेल ती घे. पुढचा कठडा बसवूं नकोस, आणि संध्याकाळीं कांगारू रस्त्यावर येण्यापूर्वीं मुक्काम कर. निघण्यापूर्वीं सर्व माणसें व सामान घेऊन गाडी वजनकांट्यावर ने.

त्याचें उत्तर परवां आलें. त्यानें वजन करविलें; ठरल्यापेक्षां चाळीस किलो अधिक भरलें. "काका, कोणती वस्तु काढूं?" असें त्यानें विचारलें आहे. दादांनीं आपली ट्रंक कालच माळ्यावर टाकली, आणि दोन धोतरजोड्या एका पिशवींत भरून ठेवल्या.