गोऱ्या रंगाचें विष

पारा विषारी आहे हें शाळेंतलें पोरही सांगेल. पण तोच पारा सुंदर डबींत भरून ‘गोऱ्या व्हा’ म्हणून विकला, तर शिकलेलीं माणसेंही तो तोंडास फांसतात. सन २०२२ मध्यें अकोल्याच्या एकाच घरांतील आई व दोन मुली अशा तिघींस मूत्रपिंडाचा विकार जडला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत तपास झाला, आणि त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्यें पारा निघाला. एका घरांत तिघी पडल्या म्हणून शंकेला जागा झाली. एकटीच पडती तर ‘तिचें नशीब’ म्हणून आपण गप्प बसलों असतों!

पारा कातडींतला काळा रंग तयार होऊं देत नाहीं, म्हणून कांहीं दिवस चेहरा उजळ दिसतो. पुढें तो कातडींतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जाऊन सांठतो. लघवीवाटे प्रथिनें जाऊं लागतात, तोंड व पाय सुजतात. आमच्या गांवच्या कितीक लेकी लालबाग-परळच्या चाळींत नांदतात. तेथें एका खोलींत सारें घर, एकाच टॉवेलाला सर्वांचीं तोंडें. तेव्हां आईच्या गालावरचा पारा तान्ह्या लेंकरासही पोंचतो.

कायदा नाहीं असें नाहीं. २०२० च्या नियमांप्रमाणें अशा क्रीममध्यें चुकून आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. मिनामाता करारास भारतानें २०१८ मध्यें मान्यता दिली; २०२३ मध्यें त्या करारांतील राष्ट्रांनीं पारा घातलेलीं सौंदर्यप्रसाधनें २०२५ पर्यंत सर्वस्वी बंद करण्याचें ठरविलें. ज्या जपानी गांवाचें नांव या करारास आहे, तेथें कोळ्यांच्या रोगाची सरकारदरबारीं नोंद १९५६ मध्यें झाली. तरी कारखान्याचें विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिलें. गरिबाच्या दारीं कायदा पोंचतो, पहारा पोंचत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महानगरपालिकेच्या दवाखान्यांत तरुण बाईच्या लघवींत प्रथिनें आढळलीं कीं क्रीमविषयीं विचारावें, आणि ती क्रीम लावीत असेल तर लघवींतला पारा तपासावा. अन्न व औषध प्रशासनानें दादर-लालबागच्या दुकानांतून व पार्लरांतून डब्या उचलाव्या; हातांत धरावयाचें क्ष-किरणांचें यंत्र घटकेंत पारा दाखवितें. जी डबी विषारी ठरेल तिचें नांव मराठींत छापून चाळीचाळींच्या दारांवर लावावें.

तोंवर भगिनींनीं एवढें करावें: डबीवर करणाराचें नांव, पत्ता व घटक नसतील, किंवा ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’ असे शब्द असतील, तर ती घेऊं नये.

आणि बांधवहो, सरकारावर बोट ठेवून आपण सुटत नाहीं. स्थळ पाहतांना ‘मुलगी गोरी हवी’ म्हणणारा सासरा, काळ्या रंगावरून हलकी जात ताडणारा शहाणा, हे या विषाचे बिनपगारी अडते आहेत. आमच्या आया उन्हांत राबून काळ्या झाल्या आणि त्या राबण्यावर ही मुंबई जेवली. त्या रंगाची लाज आमच्या लेकींना शिकविणारांनींच आधीं लाजावें.

— एक शाळामास्तर