आयसीयूतल्या लहरींचा मालक कोण?

गल्लीत ५जीचा टॉवर उभा राहिला, की ओपीडीत हमखास प्रश्न येतो, ‘डॉक्टर, याने कॅन्सर होतो का?’ या लहरींमध्ये क्ष-किरणांसारखी डीएनए तोडण्याची ताकद नसते, एवढे सांगून मी रुग्णाला धीर देतो. मला काळजी वाटते ती वेगळीच. या लहरी रुग्णाच्या नाडीची खबर परिचारिकेपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्राच्या आड येऊ शकतात. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात १९९८च्या फेब्रुवारीअखेर हे घडले. एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठ वैद्यकीय केंद्रातले बिनतारी हृदय-मॉनिटर मुके झाले. दोघेही एकाच रिकाम्या समजल्या गेलेल्या वाहिनीवर होते. केंद्राने प्रक्षेपण थांबवले, सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण त्यातून धडा घेऊन अमेरिकेने २००० साली रुग्णालयांच्या मॉनिटरांसाठी ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झसह काही पट्टे राखून ठेवले.

प्रश्न फक्त पट्ट्याचा नसतो. लहरीवर माहिती कशी चढवली आहे, म्हणजे मॉड्युलेशन कसे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. जुना २जी फोन वाजण्याआधी शेजारचा रेडिओ ‘टर्रर्र’ करायचा, आठवते? तो फोन सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत बोलायचा, तेही कमाल २ वॉटपर्यंतच्या जोराने. अगदी जवळ असल्यास असे झटके काही वैद्यकीय यंत्रांनाही गोंधळात टाकत. आयसीयूच्या दारावरची ‘मोबाईल बंद ठेवा’ ही पाटी त्या काळातली. ४जीचा फोन साधारण ०.२ वॉटवर भागवतो.

नवी तंत्रे आणखी शहाणी आहेत. ४जी, ५जी आणि वाय-फाय आपली माहिती शेकडो बारीक उपलहरींवर वाटून टाकतात, म्हणजे एखादी बिघडली तरी बाकीच्या शाबूत राहतात. ५जीचा अँटेना लहरी चहूकडे न उधळता हव्या त्या दिशेने वळवतो. आजूबाजूचा कलकलाट वाढला, की बोलण्याची पद्धतही बदलते. मंगल कार्यालयात बँड सुरू झाल्यावर आपण गप्पा सोडून ‘जेवलात?’ एवढेच विचारतो, तसेच. शांततेत एका खुणेत आठ बिट पाठवणारे यंत्र गोंगाटात दोनवर येते. वेग कमी होतो, निरोप मात्र पोहोचतो.

अभियंत्यांची ही कामगिरी मोठीच आहे. पण वेग कमी झाल्याने मालिका अडखळली तर बिघडत नाही; हृदयाचा ठोका चुकल्याची घंटा अडखळली तर बिघडते. शिवाय रुग्णालयातली बरीच बिनतारी यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. तिथेच वाय-फाय, ब्लूटूथ आणि कँटीनमधला मायक्रोवेव्हही असतो. या पट्ट्याचा नियमच असा, की कुणाला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचे नाही. नातेवाइकांच्या गर्दीने भरलेल्या सरकारी वॉर्डात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या निविदांमध्ये किंमत, हमी आणि देखभाल करार यांचे रकाने असतात. यंत्र कोणत्या पट्ट्यात बोलते, संपर्क तुटल्यावर स्वतःहून घंटा वाजवते का, हे विचारणारा रकाना मी तरी पाहिलेला नाही. तो हवा. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात बिनतारी यंत्रांची नोंदवही हवी आणि तिची जबाबदारी बायोमेडिकल इंजिनिअरकडे नावानिशी हवी. नवे यंत्र भर ओपीडीच्या वेळी, वॉर्ड गच्च भरलेला असताना तपासून मगच रुग्णाला लावावे. अतिगंभीर रुग्णाचा मॉनिटर शक्यतो वायरनेच जोडावा. पेसमेकर असलेल्यांनी फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, छातीवरच्या खिशात नको.

प्राणवायूची नळी कुठून कुठे जाते, याचा नकाशा आपण रुग्णालयात ठेवतो. लहरी दिसत नाहीत, म्हणून त्यांचा नकाशा नको असे होत नाही. उलट दिसत नाहीत, म्हणूनच तो अधिक हवा.