एका फाईलचं घर

"एकाच फाईलमध्ये अख्खं ॲप? छे, हे काही खरं नव्हे!" असं मला माझ्या नातवासकट चार शहाण्यांनी ऐकवून झालं आहे. त्या सगळ्यांना हे उत्तर.

आमच्या बेलापूरच्या वाचक मंडळातलं कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, ही नोंद मी पायथनच्या एका फाईलवर चालवते. जेमतेम दीडशे ओळी. कामाला फ्लास्क, नोंदी ठेवायला एसक्यूलाइट. शहाणे म्हणतात, फोल्डरं वेगळी हवीत, कंटेनर हवा. कशाला? वीस माणसं आणि तीनशे पुस्तकं! चटणी वाटायला कुणी गिरणी लावतं का?

बरं, फ्लास्कचा जन्मच मुळी थट्टेतला. २०१० साली आर्मिन रोनाखर याने एप्रिल फूल म्हणून एका फाईलमध्ये मावणारं फ्रेमवर्क जाहीर केलं. लोकांना ते चक्क आवडलं आणि त्यातून फ्लास्क उभं राहिलं. २००९ चं बॉटल तर आजही एकच फाईल आहे.

"पुढे वाढलं तर?" वाढेल तेव्हा वाढवू! आमच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात ते सिडकोसाठी उभारलं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, सात घरांत एक अंगण. दोन घरांत सामाईक भिंत मुद्दामच ठेवली नाही, कारण संसार वाढला की घर वाढवता यावं. आधी सात मजले बांधा, मग राहायला या, असं कुणी म्हटलं नाही.

शिस्त हवीच. फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर फक्त घरच्या तालमीपुरता. चारचौघांत गुनिकॉर्न किंवा वेट्रेस वापरावा. डीबग चालू ठेवून ॲप नेटवर सोडणं म्हणजे दाराला किल्ली लावून गावाला जाणं. पण हे नियम शंभर फाईलींनाही लागू आहेतच की!

माझा खरा मुद्दा मालकीचा आहे. माझ्या परिचयातल्या एका सोसायटीने पैसे मोजून 'संपूर्ण सिस्टीम' घेतली. करणारा मुलगा नोकरी बदलून गेला, आणि आता ती उघडून बघायची कुणाची छाती होत नाही. माझ्या फाईलमध्ये प्रत्येक कामाच्या वर मराठीत टीप आहे. पायथन ३ ला देवनागरीचं वावडं नाही. उद्या मी नसले तरी मंडळातलं कुणीही ती वरून खाली, धड्यासारखी वाचू शकेल. जे वाचता येतं, तेच आपलं.

असो. नातवाने वाद घालायला जरूर यावं. येताना माझी फाईल मात्र वाचून यावं. दहा मिनिटं पुरतील.